शुगर झालेल्या माणसाची न्याहारी

पूर्वी एखाद्याला शुगर झाल्याचे कानावर आले की आपली माणसे म्हणत, "खाऊनपिऊन सुखी दिसतोय!" मधुमेह हा गादीवर बसणाऱ्या शेठजींचा रोग, घाम गाळणाऱ्याला तो होत नाही, अशी सगळ्यांची समजूत. आज सोलापुरातल्या कोणत्याही वस्तीत फिरा. दोन-चार घरांआड एखाद्याच्या उशाशी गोळ्यांची पाकिटे दिसतील. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचा अहवाल २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार आपल्या देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि आणखी सुमारे १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर उभे आहेत. एवढे शेठजी काही या देशात नाहीत. या आकड्यात टॉवेलच्या कारखान्यात दिवसभर उभे राहणारे, विड्या वळणाऱ्या, रिक्षा चालवणारे, धुणीभांडी करणाऱ्या असे आपणही आहोत.

मीही त्यांतलीच एक. मला चौदा वर्षांपासून शुगर आहे. टॉवेलच्या कडा शिवण्यात माझे निम्मे आयुष्य गेले. मी डॉक्टर नाही. पण रोज सकाळी उठले की 'आता काय खायचे?' हा प्रश्न पुढे उभा राहतो आणि त्याचे उत्तर मलाच द्यावे लागते. दुपारच्या जेवणाबद्दल डॉक्टर सांगतात, शेजारीपाजारी तर न विचारताही सांगतात. न्याहारीबद्दल मात्र कोणी फारसे बोलत नाही. माझा अनुभव असा, की शुगरवाल्या माणसाची सकाळ बिघडली की सगळा दिवस बिघडतो. म्हणून माझ्या भगिनींसाठी आणि बांधवांसाठी हे चार शब्द.

आपल्या घरातली सकाळ कशी असते ते आठवा. उठल्याबरोबर चहा, त्यात खारी नाहीतर टोस्ट बुडवून. कामावर जाणारे घाईत, शाळेला जाणारे घाईत. नळाला पाणी येण्याचा दिवस असेल तर विचारायलाच नको. घरची बाई सगळ्यांचे आवरून देते आणि स्वतः दुसऱ्या कप चहावर भागवते. वेळ असला तर पोहे, उप्पीट, चुरमुऱ्यांची सुशीला. हे पदार्थ स्वस्त, झटपट आणि चवीचे, म्हणून ते आपल्या घरात आले. पण पोहे म्हणजे तांदूळ आणि चुरमुरे म्हणजेही तांदूळच. रवा हा गव्हाचा, पण कोंडा काढलेला. साबुदाणा तर निव्वळ पिठूळ. खारी आणि टोस्ट हा मैदा. हे सारे पोटात गेले की चटकन विरघळते आणि रक्तातली साखर भराभर चढते.

त्यात सकाळची वेळ शुगरवाल्याला आधीच अवघड. पहाटे आपल्याला जागे करण्यासाठी शरीर काही संप्रेरके सोडते. त्यांच्यामुळे यकृतातली साखर रक्तात उतरते. म्हणून रात्री काही गोड न खाताही सकाळी उपाशीपोटी साखर वाढलेली दिसते आणि माणूस चक्रावतो. निरोगी माणसाचे शरीर ती लगेच सावरून घेते, आपले सावरू शकत नाही. त्यावर आपण गोड चहा आणि खारी टाकतो.

माझ्या लेकीने बोटाला टोचून साखर बघायचे यंत्र आणून दिले, तेव्हा मी आठ दिवस मांडून बघितले. बशीभर पोहे आणि साखरेचा चहा घेतला त्या दिवशी दोन तासांनी साखर २४८. एक भाकरी, वाटीभर मेथीची भाजी, एक उकडलेले अंडे आणि बिनसाखरेचा चहा घेतला त्या दिवशी १६२. जेवणानंतर दोन तासांनी १८० च्या आत असावी, असे बहुतेकांना डॉक्टर सांगतात. माणूस तेच, गोळी तीच, फरक फक्त बशीत. प्रत्येकाचे आकडे वेगळे येतील. पण ज्याला शक्य आहे त्याने एकदा तरी असे मांडून बघावे. दुसऱ्याने शंभर वेळा सांगितलेले पटत नाही, आपल्या बोटाचा थेंब पटतो.

दुसरा फरक आकड्यात दिसत नाही. पोह्यांच्या दिवशी अकरा वाजता पोटात खड्डा पडायचा, हात थरथरल्यासारखे वाटायचे आणि जीभ गोडाकडे धावायची. भाकरी-अंड्याच्या दिवशी दुपारी एकपर्यंत मशीनवर बसले तरी काही खावेसे वाटले नाही. साखर जितक्या वेगाने चढते तितक्याच वेगाने पुष्कळदा घसरते आणि घसरताना पुन्हा खायला मागते. ज्याला आपण जिभेची हाव म्हणतो, ती पुष्कळ वेळा सकाळच्या चुकीच्या न्याहारीची उधारी असते.

मग खायचे काय? आपल्या सोलापूरच्या माणसाला फार लांब जायला नको. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तीच ज्वारी आपल्या आयांनी जन्मभर थापली. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे दहा ग्रॅम तंतू असतात, पॉलिश केलेल्या तांदळात तीन ग्रॅमही नसतात. तंतू असले की अन्न हळू पचते. पण एक गैरसमज इथेच काढून टाकते. ज्वारी म्हणजे औषध नव्हे. तिच्यातही पिठूळ भाग भरपूर असतो. 'भाकरीच आहे' म्हणून तीन भाकऱ्या खाल्ल्या तर साखर वाढणारच. कडक भाकरी तर पातळ आणि खुसखुशीत, चहाबरोबर मोडता मोडता किती गेल्या ते कळत नाही. ती मोजूनच घ्यावी. शेंगाचटणीचेही तसेच. शेंगदाण्यात प्रथिने चांगली, पण सुमारे चाळीस टक्के तेल. चमचाभर पुरे. आणि गुळाविषयी सांगायचे तर गूळही साखरच आहे. चहात साखरेऐवजी गूळ घालणाऱ्याने जिभेची समजूत घातली, रक्ताची नाही.

माझी न्याहारी साधी असते. एक भाकरी, वाटीभर पालेभाजी किंवा मोड आलेल्या मटकीची उसळ, परवडेल तेव्हा अंडे, नाहीतर वाटीभर घट्ट वरण. आधी भाजी-उसळीचे चार घास, मग भाकरी. या क्रमाने खाल्ले तर साखर सावकाश चढते. खाल्ल्यावर दहा-पंधरा मिनिटे गल्लीतल्या गल्लीत चालते. पोहे मी सोडलेले नाहीत. आठवड्यातून एकदा करते, त्यात निम्मी मोड आलेली मटकी आणि मूठभर शेंगदाणे घालते आणि छोटी वाटी घेते. घरातली सगळी तेच खातात. हे महत्त्वाचे आहे. एकाला वेगळे ताट वाढले की तो माणूस घरात राहून पंक्तीबाहेर बसतो. पंक्तीबाहेर बसणे म्हणजे काय, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

आता जिभेच्या ओढीबद्दल. ती नुसती जिभेची असती तर सोपे होते. गोडाची माझी पहिली आठवण सुकडीची आहे. १९७२ च्या दुष्काळात आई खडी फोडायला जायची. त्या कामावर सुकडी मिळायची. आई ती स्वतः न खाता पदरात बांधून आणायची आणि आम्हा भावंडांना मुठी-मुठीने वाटायची. रेशनवर अमेरिकेतून आलेली मिलो नावाची तांबडी ज्वारी मिळे, तिची भाकरी घशाखाली उतरत नसे. त्या दिवसांत गोड म्हणजे आईचा पदर. पुढे गव्हाची पोळी सणालाच दिसायची आणि साखरेचा चहा पाहुण्यालाच. ज्यांचे लहानपण असे गेले, त्यांना साखर हा नुसता पदार्थ वाटत नाही. 'आता आपले बरे चालले आहे' याची ती खूण असते. म्हणून चार पैसे हातात आल्यावर आपण चहात दोन चमचे जास्तच घालतो.

त्या उपासमारीचा हिशेब शरीरानेही ठेवलेला असतो. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील माता आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचे जन्मवजन सरासरी २.७ किलो भरले, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचे साडेतीन किलोच्या घरात. पण आपली बाळे दिसायला बारीक असली तरी चरबीत तितकी कमी नव्हती, कमी होते ते स्नायू. अशा शरीराला पुढे भरपूर खायला आणि बसून काम मिळाले की मधुमेहाचा धोका वाढतो. हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात युद्धामुळे दुष्काळ पडला. त्या वेळी आईच्या पोटात असलेली मुले मोठी झाल्यावर त्यांच्यातही रक्तातली साखर नीट न जिरण्याचे प्रमाण जास्त आढळले. म्हणजे आयांची उपासमार लेकरांच्या रक्तात उतरते. तेव्हा 'तू खादाड म्हणून तुला शुगर झाली' असे कोणी कोणाला म्हणू नये.

हे मी लिहिते आहे ते माझ्या थोरल्या भावामुळे. दादा गिरणीत होता. गिरणी बंद पडल्यावर रखवालदारी केली. त्याला शुगर निघाली तेव्हा घरचे घाबरले. वहिनीने साखरेच्या डब्याला कुलूप लावले. मुलगे ताटाकडे बघत बसायचे. "दादा, तिसरी भाकरी कशाला?" "दादा, चहात साखर नाही ना?" सात वर्षांच्या नातवाला पाळतीवर ठेवले, आजोबा बाहेर काय खातात ते घरी येऊन सांगायला. सगळे मायेपोटीच. दादा घरी गप्प बसून खायचा आणि बाहेर गाड्यावर उभा राहून जिलेबी खायचा. एकदा मला म्हणाला, "आक्का, आपला आजा येसकर होता. गावाने टाकलेली भाकरी खायचा. काय खायचं ते गावानं ठरवलं. गिरणीत सुट्टी कधी ते भोंग्यानं ठरवलं. आता म्हातारपणी कमावून खातोय, तर माझं ताट माझी पोरं ठरवतात."

त्याच्या या बोलण्याला माझ्याकडे उत्तर नव्हते. १९२७ साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या लोकांना मेलेल्या जनावराचे मांस आणि उष्टे-शिळे तुकडे सोडायला सांगितले. ते सोडणे म्हणजे आपले ताट आपल्या हातात घेणे होते. दादाला तेच हवे होते. पण रोग काही मान बघून थांबत नाही. चपलेने पायाला फोड आला, तो त्याने घरात लपवून ठेवला. सांगितले तर पुन्हा बोलणी खावी लागतील म्हणून. पायाला संवेदना कमी असल्याने दुखतही नव्हते. डॉक्टरांकडे नेईपर्यंत फार उशीर झाला होता. दोन बोटे काढावी लागली. ती गोडाने गेली हे खरे, पण लपवण्यानेही गेली.

आपल्यात पुष्कळ जण शुगर लपवतात. इन्सुलिन घेणारे तर दार लावून सुई टोचतात. त्यांना मी सांगते, बाबासाहेबांनाही मधुमेह होता. राज्यघटनेचे काम चालू होते त्या काळात त्यांना पायाच्या वेदना होत्या, झोप लागत नव्हती आणि इन्सुलिन घ्यावे लागत होते. इन्सुलिनचा शोध कॅनडातल्या टोरांटो शहरात १९२१ साली लागला आणि १९२२ च्या जानेवारीत ते पहिल्यांदा एका मुलाला टोचले गेले. त्यापूर्वी या रोगाने लहान मुले डोळ्यांदेखत झिजून जात. जी सुई जीव वाचवते तिची लाज कसली?

दादाच्या घरातले वळण बदलले ते एका गोष्टीने. वर्षावासात आमच्या विहारात भन्तेजींनी कोसलच्या प्रसेनजित राजाची कथा सांगितली. ती संयुत्त निकायात आहे. राजा पोटभर भात खाऊन धापा टाकत भगवान बुद्धांकडे आला. भगवंतांनी त्याला भात सोडायला सांगितले नाही. जो सावध राहून जेवणाची मात्रा ओळखतो त्याचे दुःख हलके होते, अशा अर्थाची एक गाथा म्हटली. राजामागे सुदस्सन नावाचा तरुण उभा होता. राजा त्याला म्हणाला, ही गाथा पाठ कर आणि मी जेवायला बसलो की म्हणत जा, तुला रोज शंभर कार्षापण देईन. हळूहळू राजाचा आहार मापात आला आणि शरीर हलके झाले.

दादा घरी येऊन हसत म्हणाला, "एवढा राजा, त्याला पण माणूस ठेवावा लागला!" मग त्याने नातवाला जवळ बोलावले. "मी दुसरी भाकरी घेतली की तू नुसतं 'आजोबा, राजा!' म्हण. रोजचा एक रुपया तुझा." पोरगा तोच, पूर्वी पाळत ठेवणारा. शब्दही जवळपास तेच. पण आता त्याला दादाने स्वतः नेमले होते. वहिनीने डब्याचे कुलूप काढले. न्याहारी सगळ्यांची एक झाली. रविवारी जेवण झाल्यावर एक जिलेबी, त्या दिवशी भाकरी अर्धी, हे दादाने स्वतः ठरवले. रोज रात्री तो नातवाला पायाचे तळवे बघायला लावतो, कुठे चीर नाही ना, फोड नाही ना. तो अनवाणी चालत नाही, घरातही नाही. चार महिन्यांनी तपासले तेव्हा तीन महिन्यांच्या सरासरीचा आकडा साडेनऊवरून साडेसातवर आला होता. अजून खाली यायचा आहे, पण तो आता लपवून खात नाही.

सांगायचे तात्पर्य, शुगरवाल्या माणसावर पहारा ठेवू नका, त्याला विचारा. "तुम्हाला आम्ही कशी आठवण करून द्यावी?" एवढाच प्रश्न. जे त्याने स्वतः ठरवले ते तो पाळतो.

पाहुणचाराचेही आपण बघायला हवे. एके काळी आपल्या हातचे पाणी कोणी घेत नसे. म्हणून आपल्या घरी कोणी चहा नको म्हटले की अजूनही काळजात चर्र होते आणि आपण आग्रह करतो. शुगरवाला नाही म्हणू शकत नाही. जयंतीच्या दिवशी अशा पाच घरांत पाच कप झाले की दहा चमचे साखर पोटात. यावर सोपी वाट आहे. चहा बिनसाखरेचा करायचा आणि साखर वेगळ्या वाटीत ठेवायची, ज्याला हवी तो घेईल. आमच्या विहारात रविवारच्या वंदनेनंतर आता शिऱ्याऐवजी हरभऱ्याची उसळ देतो. वैशाख पौर्णिमेची खीर मात्र करतो, दोन चमचे सगळ्यांना, जेवणानंतर.

शेवटी दोन धोक्याच्या सूचना. साखर कमी करायची म्हणून न्याहारीच बुडवू नका. काही गोळ्या आणि इन्सुलिन घेऊन उपाशी राहिले तर साखर एकदम खाली जाते. घाम फुटतो, हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते, बोलणे बरळल्यासारखे होते. साखर ७० च्या खाली गेली किंवा अशी लक्षणे दिसली, तर त्या वेळी साखर हेच औषध. तीन-चार चमचे साखर पाण्यातून लगेच द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा बघावे, बरे वाटले नाही तर पुन्हा द्यावी आणि नंतर काहीतरी खायला घालावे. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही न घालता दवाखान्यात न्यावे. वर्षावासात उपोसथ धरणाऱ्यांनी गोळ्यांच्या वेळा आधी डॉक्टरांना विचारून घ्याव्यात. दुसरी सूचना, कोणाच्या सांगण्यावरून गोळ्या बंद करून कारल्याच्या रसावर राहू नका. न्याहारी गोळीला मदत करते, तिची जागा घेत नाही.

आणि ज्यांना अजून शुगर नाही त्यांनीही तिशीनंतर सरकारी आरोग्य केंद्रात जाऊन एकदा रक्त तपासून घ्यावे. उपाशीपोटी १०० च्या आत असेल तर ठीक. १०० ते १२५ असेल तर उंबरठा. १२६ किंवा त्याहून जास्त असेल तर पुन्हा तपासून डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. घरातल्या बाईने सगळ्यांत आधी जावे, कारण सगळ्यांच्या शेवटी खाणारी तीच असते.

उद्या सकाळी चुलीवर तवा ठेवाल तेव्हा आणखी एक भाकरी थापा, स्वतःसाठी. आणि ती उभ्या-उभ्या नव्हे, सगळ्यांबरोबर बसून खा.

जय भीम.